मागच्या खुंटीवरचा कोट

आमच्या घरात दोन खुंट्या आहेत आणि दोन्हींचे कायदे वेगळे आहेत. समोरच्या खोलीतल्या खुंटीवर टांगलेलं कापड गावात, बाजारात, लग्नाकार्यात घालायचं. मागच्या दाराजवळच्या खुंटीवर जे चढलं ते वावरात गेलं. त्या खुंटीवर गेलं की कपड्याचा मालकच बदलतो. आधी तो कोणाचाही असो, पुढे तो मायचा.

कापूस वेचायचा म्हटला की हातांची खैर नसते. फुटलेल्या बोंडांची टोकं वाळून खिळ्यासारखी होतात आणि मनगटापासून कोपरापर्यंत ओरबाडे काढतात. म्हणून आमच्याकडच्या बाया साडीवर घरातल्या माणसाचा जुना, लांब बाह्यांचा शर्ट चढवतात आणि कमरेला कापडाची ओटी बांधतात. वेचलेला कापूस ओटीत टाकायचा, ओटी भरली की गाठोड्यात रिकामी करायची. मायच्या अंगावर मी बाबांचे कितीतरी शर्ट पाहिले. लग्नातला मोतिया, मग चौकडीचा, मग खतवाल्यानं फुकट दिलेला, ज्याच्या पाठीवर बैलाचं चित्र होतं. मी बी.एस्सी. झाले तेव्हा माझा प्रॅक्टिकलचा पांढरा एप्रनही तिकडेच गेला. एक अख्खा हंगाम माय तो घालून वेचत होती आणि टोळीतल्या बाया तिला डॉक्टरीणबाई म्हणत होत्या.

बी.एस्सी.चं ओघात आलंच आहे तर सांगूनच टाकते. मायकडच्या आणि बाबांकडच्या, दोन्ही नात्यांत पदवी घेतलेली मी पहिली. मला त्याचा अभिमान आहे आणि तो लपवायचं कारण मला दिसत नाही. मी सिंदी मेघेत एका खाजगी लॅबमध्ये मातीचे नमुने तपासते. गाव सेलूकडे, नोकरी वर्ध्याला लागून, आणि मधल्या रस्त्याला माझी स्कूटी. डिसेंबरातल्या सकाळी ओलिताच्या गव्हाजवळून गाडी चालवली की थंडी बाह्यांतून शिरते आणि पार बरगड्यांपर्यंत जाते. स्वेटर तिला अडवत नाही.

तो कोट मी त्या थंडीसाठी घेतला. वर्ध्याच्या बाजारात एक माणूस ताडपत्रीवर परदेशातल्या जुन्या कपड्यांचा ढीग घालून बसतो. लोक त्या ढिगात हात घालून उलथापालथ करतात आणि तो नुसता ओरडत असतो. मी खालून एक बाही ओढली तर ती येईचना. दोन्ही हातांनी ओढली तेव्हा एवढं मोठं धूड बाहेर आलं की बाजूच्या बाईनं "अगं माय, आत मानूस हाय का?" म्हणून विचारलं.

"ले लो बेटी, जर्मनी का माल है," तो म्हणाला.

जर्मनीचा नव्हता. घरी येऊन मी फोनवर त्याचा फोटो टाकून शोधलं. तो स्वित्झर्लंडच्या सैनिकांचा जुना कोट निघाला. बर्फाच्या डोंगरात, झाडीत लपून राहायला केलेला. आता तिकडची हौशी मंडळी तो घालून जंगलात फिरतात. कापड जाड, सुती. त्यावर तपकिरी, हिरवे, काळे डाग, मध्ये मध्ये विटकरी लाल पानांसारखे ठिपके, आणि त्या सगळ्यावर पांढरे शिंतोडे. मला ते नक्षीकाम फार आवडलं. ऑफिसात कोणाकडेच तसं काही नव्हतं, हेही खरं.

बाबांनी तो दोन्ही हातांत धरून उजेडात नेला, उलटासुलटा केला आणि म्हणाले, "हे तं लाल्या आलेली पऱ्हाटी हाय."

ज्यांनी पऱ्हाटी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. पऱ्हाटी म्हणजे कपाशीचं झाड. हिवाळ्यात तिच्यावर लाल्या आला की पानं लाल पडतात, काही तपकिरी होतात, काही हट्टानं हिरवी राहतात, आणि त्यातच पांढरी बोंडं फुटलेली असतात. स्वित्झर्लंडच्या कोणत्या चित्रकाराला आमचं वावर दिसलं होतं देव जाणे, पण बाबांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं.

कोट बनवणाऱ्यानं डोकं लावलं होतं. कोपरावर दुहेरी कापड होतं, मनगटाला आवळायच्या पट्ट्या होत्या. बटणं कापडाच्या पट्टीखाली झाकलेली, म्हणजे कशात अडकत नाहीत. आतून कमरेला एक नाडी. आणि पाठीवर, खांद्यापासून कमरेपर्यंत, एक जंगी खिसा. पिशवीच म्हणा. सैनिक त्यात आपलं सामान भरत असणार. त्या खिशाच्या तळाला धातूच्या कड्यांची बारीक भोकं होती, पावसाचं पाणी निघून जायला. मी त्यात डबा, रेनकोट आणि बाबांनी आणायला सांगितलेलं काहीही कोंबून यायची. एकदा मेथीच्या दोन जुड्या आणल्या, तर सिग्नलला मागचा ऑटोवाला म्हणाला, "ताई, तुमच्या पाठीतून भाजी निघून राह्यली."

एक हिवाळा असा मजेत गेला. दुसऱ्या वर्षी श्रावणात मायचं पोटाचं ऑपरेशन झालं.

ऑपरेशन चांगलं झालं. बाबा तेवढ्या दिवसांत भाकरी थापायला शिकले, गोल मात्र शेवटपर्यंत जमली नाही. पण दवाखान्यातून सोडताना डॉक्टरबाईंनी बजावून सांगितलं होतं, "कमरेला काही बांधायचं नाही, पोटावर वजन घ्यायचं नाही. वेचणीचं मी तपासल्याशिवाय सांगणार नाही." बाबांनी ते मनावर कोरून घेतलं. दिवाळीनंतर एकदा तपासणी झाली तेव्हाही डॉक्टरबाई ओटीला नाहीच म्हणाल्या.

ओटी नाही म्हणजे वेचणी नाही. आणि वेचणी नाही म्हणजे काय, हे मायच्या तोंडाकडे पाहिलं की कळायचं. आमच्या गल्लीतल्या बायांची टोळी आहे, सगळ्या मिळून एकेकीच्या वावरात वेचतात. प्रत्येकीला एक तास, म्हणजे झाडांची एक ओळ. पहिला तास मायचा. ती पुढे लागते आणि तिच्या वेगानं बाकीच्या चालतात, मी जन्मले त्याच्याही आधीपासून. या वर्षी तिनं वावरात पहिल्या बोंडांना दहीभात दाखवून सीतादही केलं, वेचणीचा मुहूर्त केला, आणि मुहूर्त करून घरी येऊन बसली. पहिला तास शेजारच्या काकूकडे गेला.

घरी बसलेली माय म्हणजे घरच्यांची परीक्षा. तिनं डबे घासले, मग घासलेले डबे घासले. माझी स्कूटी तिरपी लागते हे तिच्या लक्षात आलं. बाबा चहा फुर्र करून पितात हेही, इतक्या वर्षांनी. बाया दुपारी वावरातून हसत परत आल्या की ही फाटकाशी जाऊन उभी राहायची आणि विचारायची, "काय झालं वं हसाले?" त्या सांगायच्या, पण वावरातली गंमत फाटकाशी सांगून तेवढी येत नाही.

"एक सालाचं तं हाय," बाबा म्हणायचे.

"एक साल बसली तं पुढच्या साली कोन बोलावते मले?" माय म्हणायची. "मंग म्हातारी म्हनून बसवतीन बांधावर, पोट्टे सांभाळाले."

मला वाटायचं ती वाढवून सांगते. पण काकूनं पहिला तास धरल्यावर टोळीनं चाल बदलली होती, हे मीही येता-जाता पाहत होते.

मग डिसेंबरात तो शनिवार आला. कालव्याचं पाणी रस्त्यावर आलं होतं आणि एका ट्रॅक्टरनं मला डोक्यापासून पायापर्यंत चिखलानं सारवून काढलं. घरी येऊन मी कोट धुतला. आता टांगायचा कुठे? समोरच्या खोलीत कापूस भरलेला होता. भाव चढायची वाट पाहत बाबांनी पार खुंटीच्या वरपर्यंत रचला होता. ओला कोट कापसाजवळ नेला असता तर मलाच घराबाहेर काढलं असतं. म्हणून मी तो मागच्या दाराजवळच्या खुंटीवर टांगला आणि झोपले.

दुसऱ्या दिवशी रविवार. उन्हं वर आल्यावर उठले तर घरात कोणी नाही. बाबा फवारणीचा पंप घेऊन सेलूला गेले होते. माय नाही. मागची खुंटी रिकामी.

मी तशीच वावराकडे निघाले. खरं सांगायचं तर तेव्हा मला मायच्या पोटाची आठवण नंतर झाली, कोटाची आधी. बोंडांनी त्याचं काय होईल याचा विचार करत मी धुऱ्यावरून, वावराच्या बांधावरून, चालत होते. वावरात बाया दिसल्या, काकू दिसली, माय दिसेना.

"काकू, माय कुठं हाय?"

"इथंच तं हाय. शोध."

बाकीच्या फिदीफिदी हसायला लागल्या. मी ओळीओळीत पाहिलं. लाल पानं, तपकिरी पानं, पांढरी बोंडं. "माय!" मी हाक मारली.

"काऊन वरडून राह्यली वं?"

आवाज माझ्या इतक्या जवळून आला की मी दचकून मागे सरले. दोन हातांच्या अंतरावर माय उभी होती. पऱ्हाटीतून आधी तिचं कुंकू दिसलं, मग दात, मग बाकीची माय. आणि कोटाचं काहीतरी बिनसलं होतं. छातीचे खिसे तिच्या पाठीवर होते.

"पहाटं मले वाटलं, इची मुंडीच उलटी फिरली," काकू म्हणाली. "कोट इकडं येते अन् बाई तिकडं जाते!"

मायनं कोट उलटा घातला होता. मागचा भाग पुढे, बटणं पाठीवर, काकूनं लावून दिलेली. पाठीवरचा तो जंगी खिसा आता तिच्या पोटासमोर लोंबत होता, तोंड वर उघडं, आणि अर्ध्यापर्यंत कापसानं भरलेला. दोन्ही हातांनी वेचायचं आणि सरळ खाली सोडायचं. ओटी नाही, गाठ नाही, कमरेला काही नाही.

"माय, तो माझा कोट आहे."

"मागच्या खुंटीले होता," माय म्हणाली. तिच्या लेखी विषय संपला होता.

"ओला होता म्हणून टांगला!"

"मंग बोलाचं होतं. मले वाटलं, पोरीनं मायच्या पोटाचा इचार करून आनून देला." ती हे बोलताना वेचतच होती. "हे पाह्य, सारं वजन खांद्यावर. पोटाले लागत नाई. तुया त्या सैनिकानं चुकीच्या बाजूनं शिवला, बस."

मी पुढे होऊन खिशाखाली हात घातला. खरंच, पोट आणि खिसा यांच्यात माझा हात सहज फिरत होता. मग मला दिसलं, आतली नाडी तिनं सवयीनं आवळून बांधली होती. मी ती तिथल्या तिथे सोडून ओढून काढली. मनगटाच्या पट्ट्या तिला समजल्या नव्हत्या, त्या आवळून दिल्या. गळ्याशी कॉलर टोचत होती म्हणून मागचं वरचं बटण उघडलं. खालच्या भोकांतून वाळल्या पानांची माती भुरभुर गळत होती, ती पाहून काकू म्हणाली, "मायबाई, चाळनीबी बसवून देली!"

मी कोट परत मागायला गेले होते आणि तो नीट घालून देत होते.

एवढ्यात बाबा आले. सेलूहून परस्पर मोटारसायकलवर, गाठोडी न्यायला. ते आमच्यापासून चार पावलांवर थांबले आणि मला म्हणाले, "तू काऊन आली? माय एकटी हाय घरी."

एका बाईनं पदर तोंडात कोंबला.

"घरी नाई मी," पऱ्हाटी म्हणाली.

बाबांचा चेहरा पांढरा पडला आणि मग लाल झाला. ते फार ओरडणारे नाहीत. त्या दिवशी ओरडले. "टाके उलले म्हंजे? कोन नेईन दवाखान्यात? पुन्ना तेच पाहाचं का मले?" माय उत्तर देणार होती, पण शेवटचं वाक्य ऐकून तिचे वेचते हात थांबले. ऑपरेशनच्या दिवशी बाबा दवाखान्याच्या जिन्यात बसले होते आणि कोणाशी एक शब्दही बोलले नव्हते, हे आम्हा दोघींना माहीत होतं.

तिनं कोट उतरवला. कापूस गाठोड्यात रिकामा केला. "डॉक्टरबाईले इचारू," ती म्हणाली. "त्या नाई म्हनल्या तं नाई. पन कोट दाखवीन मी त्याइले. नुस्तं तोंडानं सांगून समजत नाई."

तसं आम्ही तिघं वर्ध्याला गेलो. मी लॅबमधून अर्ध्या दिवसाची सुट्टी घेतली. मायनं एका पिशवीत कोट आणि दुसरीत कापूस घेतला होता. बाहेरच्या बाकावर बसलेल्या एका आजोबांना वाटलं, आम्ही डॉक्टरबाईंना गादी भरून द्यायला आलो.

डॉक्टरबाईंनी आधी पोट तपासलं, खोकायला लावलं, उठायला-बसायला लावलं. चांगलं भरून आलंय म्हणाल्या. बाबा दाराशी उभे होते, आत या म्हटलं तरी येत नव्हते. मग माय म्हणाली, "थांबा मॅडम," आणि तिनं त्यांच्या समोर कोट उलटा चढवला. मी बटणं लावली. तिनं पिशवीतला कापूस खिशात भरला आणि टेबलाजवळच्या कॅलेंडरवरून, पडद्यावरून, डॉक्टरबाईंच्या पेनच्या स्टँडवरून कापूस वेचून दाखवायला सुरुवात केली. दोन्ही हातांनी, तिच्या नेहमीच्या वेगानं. नर्स हसून हसून भिंतीला टेकली.

डॉक्टरबाईंनीही खिशाखाली हात घातला. अगदी मी घातला होता तसाच. "आणि ही कमरेची नाडी?"

"काढली," मी म्हणाले. "त्याच दिवशी."

"बरं केलंत." त्यांनी माझ्याकडे एकदा नीट पाहिलं. मग मायला म्हणाल्या, "खिसा अर्ध्याच्या वर भरायचा नाही. गाठोडं उचलायचं नाही, ओढायचं नाही, कोणी कितीही म्हणो. दुपारपर्यंत, बस. पोटात ओढल्यासारखं वाटलं की त्याच मिनिटाला घरी."

"म्हंजे जाऊ?"

"जा. पण हा कोट आणला कुठून?"

"माह्या पोरीचा हाय," माय म्हणाली. "बी.एस्सी. झाली ते."

कोटाचा आणि बी.एस्सी.चा काय संबंध ते डॉक्टरबाईंनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. छान वाटत होतं.

बाबा तेव्हा आत आले. "मॅडम, खरंच जाऊ देऊ का?" त्यांनी इतक्या हळू विचारलं की नर्सही हसायची थांबली.

"जाऊ द्या," डॉक्टरबाई म्हणाल्या. "तुम्ही गाठोडी उचला म्हणजे झालं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिसला निघायची तयारी करत होते. दोन स्वेटर, त्यावर बाबांचं कानटोपरं, कारण कोट आता कोणाचा हे ठरलेलं होतं. मागच्या अंगणात माय पाठमोरी उभी होती आणि बाबा तिच्या पाठीवरची बटणं लावत होते. त्यांची बोटं नांगराला सरावलेली, आणि त्या सैनिकाची बटणं पट्टीच्या आत लपलेली. एक बटण लावायला जीभ बाहेर काढावी लागत होती. फाटकाशी काकू आणि टोळी येऊन उभी होती.

"अवो भाऊजी," काकू म्हणाली, "लगन लागलं तवा तरी एवढे जवळ उभे राह्यले होते का?"

"गप वं. चुकून राह्यलं," बाबा म्हणाले. एक बटण खालच्या काजात गेलं होतं. त्यांनी सगळी उघडली आणि पुन्हा खालून सुरुवात केली.

"वरचं सोडजा," माय म्हणाली. "गळ्याले लागते."

"मले मालूम हाय."

काकूनं हसणं थांबवलं आणि सहज म्हटल्यासारखं म्हणाली, "पह्यला तास तूच लाग. मले वेग धरता येत नाई बाई, साऱ्या माह्या मांगून येऊन ढोसत राहतात." मायनं मान ताठ केली आणि बाबांच्या हातातलं शेवटचं बटण सुटलं.

मी स्कूटी काढली. आमचं वावर रस्त्याला लागूनच आहे. तिथे पोचले तेव्हा वेचणी सुरू झाली होती. मी गाडी थांबवून पाहिलं. दुसऱ्या तासात काकू, तिसऱ्यात तिची सून, पुढे बाकीच्या. पहिल्या तासात कोणीच दिसत नव्हतं, नुसती लाल-तपकिरी पऱ्हाटी आणि पांढरी बोंडं. पण सगळ्या जणी त्या रिकाम्या जागेच्या अर्धं पाऊल मागे राहून, तिच्याच वेगानं चालल्या होत्या.

मी हॉर्न वाजवला. पऱ्हाटीतून एक हात वर आला, उशीर होतोय, जा म्हणून हलला आणि पुन्हा वेचायला लागला.